खालच्या टोकाचा उजेड

जेवणाच्या टेबलावरचा दिवा छोटीने मंद केला आणि ताई ताटावरून उठली. आदळआपट करून नाही. ताटातला उरलासुरला भात तिने दोन घासांत संपवला, "झालं माझं" म्हणाली, ताट विसळून ठेवलं आणि बाल्कनीत जाऊन उभी राहिली. बाहेर दिवस नुकताच मावळला होता, समोरच्या इमारतीच्या खिडक्या एकेक करून उजळत होत्या, आणि ताई त्यांच्याकडे पाठ करून, बाल्कनीच्या कोपऱ्यात, जिथे सुकत घातलेल्या चादरीमुळे काळोख होता तिथे जाऊन थांबली. एवढंच झालं. पण खुर्ची मागे सरकल्याचा आवाज छोटीच्या कानात अडकून बसला. छोटी म्हणजे या घरातली बाई. वय पन्नाशीच्या पुढे, चष्मा दुहेरी काचेचा, हाताखाली चार-पाच इंजिनियर. पण ताईने लहानपणी मारलेली हाक अशी चिकटली की नवऱ्यानेही तीच उचलली. दिवा तिने मंद केला होता तो ताईसाठीच. ताईच्या दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू नुकतेच काढले होते, आणि मंद उजेडात डोळ्यांना बरं वाटतं हे कोणीही सांगेल. टेबलाच्या कडेला एक गोल बटण होतं. ते फिरवलं की उजेड असा अलगद खाली उतरायचा, उतरता उतरता पार तळाशी जायचा, तरी विझायचा नाही. त्या उतरण्याचा छोटीला मनातून फार अभिमान होता. दिव्याच्या पोटात जी चिप होती ती तिने स्वतः, तिच्या माणसांना घेऊन, तयार केली होती. बाजारात ती अजून यायची होती. नमुन्याची पहिली चिप तिने घरी आणून जेवणाच्या टेबलावर लावली, जशी एखादी बाई पहिला विणलेला स्वेटर घरातल्याच कोणाच्या तरी गळ्यात घालते.

"उद्या निघते मी," ताई बाल्कनीतूनच म्हणाली. "दुपारची बस आहे. बरी पडेल."

ठरलं होतं ते असं: ताईने आठ-दहा दिवस राहून बघायचं, आणि सूर जुळला तर कायमचं इथेच यायचं. ताईचं दुकान बंद झालं होतं. शिवणकामाचं छोटंसं दुकान, दोन मशीन, एक आरसा. डोळे धुरकट झाले तशी गिऱ्हाइकं पातळ झाली आणि एक दिवस तिने शटर ओढलं ते ओढलंच. लग्न तिने केलं नव्हतं. त्या रिकाम्या घरात ती एकटी काय करते, काय खाते, रात्री दुखलं-खुपलं तर कोणाला हाक मारते, या विचाराने छोटीचा जीव वर-खाली व्हायचा, आणि कैक महिने मागे लागून, रुसून, शेवटी चक्क रडून तिने ताईला इथवर आणली होती. उन्हाची खोली रिकामी केली. खिडकीशी शिवणयंत्र ठेवलं. पलंगाची उंची ताईच्या गुडघ्यांना सोसेल अशी बघून घेतली. आणि आता ताई म्हणते उद्या निघते. छोटी मनातल्या मनात गेले दिवस उलटेपालटे करून झटकू लागली. काय चुकलं? परवा फोनवर बोलताना आपण "पाहुणी आलीय" म्हणालो, ते तिने ऐकलं असेल का? काल तिने धुतलेला कुकर आपण पुन्हा धुतला. तिच्यासमोर धुतला. नवरा जेवताना बातम्या मोठ्याने लावतो. की ही खोली 'तुझी' आहे असं आपण इतक्यांदा म्हणालो की तिला ती आपली वाटेनाशीच झाली? माणूस दोषच शोधायला निघाला की स्वतःचं घर म्हणजे त्याला कोठारच मिळतं. ताईला काही विचारून उपयोग नव्हता, हेही तिला माहीत होतं. ताई तक्रार करणाऱ्यांतली नव्हती. पायात काटा रुतला तर ती चप्पल बदलेल, रस्त्याबद्दल बोलणार नाही.

नवरा दातांचा डॉक्टर. खाली रस्त्यालगत त्याचा दवाखाना, वर घर. दिवसभर लोकांच्या उघड्या तोंडात बघून त्याची एक सवय झाली होती, समोरचा बोलत नसला की त्याच्याकडे जास्त लक्ष देण्याची. तो बडीशेप चघळत हळूच म्हणाला, "एक सांगू? चिडणार नसशील तर."

"बोल."

"ती रोज याच वेळेला उठते. तू दिवा खाली आणलास की. आल्यापासून बघतोय मी."

"म्हणजे?"

"म्हणजे मला काय माहीत? दिवे तुझं खातं. मला वाटलं तिला ताटातलं दिसत नसेल."

छोटीने बटण उलट फिरवून दिवा पूर्ण मोठा केला आणि बाल्कनीत गेली. ताई चादरीच्या आडोशाला डोळे मिटून उभी होती आणि दोन्ही अंगठे भुवयांच्या कडेला दाबून धरले होते. छोटीला बघताच तिने हात खाली घेतले, चोरी पकडली गेल्यासारखे. "डोकं दुखतंय?" छोटीने विचारलं. "छे गं. जरा वारा खात होते." "ताई." "बरं, दुखतंय थोडं." मग ती थांबली, आणि दुसऱ्याच कोणाची बाजू घेतल्यासारखी म्हणाली, "दिवा छान आहे तुझा. फक्त तो खाली आला ना, की थरथरतो." छोटी हसली. हसू आलं म्हणून नाही, इंजिनियर असल्यामुळे. "थरथरत नाही ताई. अगदी स्थिर आहे. आम्ही तपासलाय." "असेल बाई. मला वाटतं तसं," ताई म्हणाली. मला वाटतं तसं, हे ताईचं आयुष्यभराचं वाक्य होतं. भांडण नको असलं की ती ते काढायची आणि आपलं खरं घडी घालून बाजूला ठेवून द्यायची. छोटीने ते हजारदा ऐकलं असेल. पण आज त्या वाक्याने तिला कुठेतरी टोचलं, आणि भांडी आवरताना, अंथरूण घालताना, ताईच्या उशाशी पाण्याचा तांब्या ठेवतानाही ते टोचणं गेलं नाही.

सकाळी ती ऑफिसला पायीच निघाली. वाटेत दुकानं उघडत होती, एक माणूस पाट्यांवरचे दिवे मालवत चालला होता, आणि ती चालता चालता स्वतःशीच वाद घालत होती. दिवा मंद करायचे दोन रस्ते आहेत. एक, नळ थोडा बंद करावा तशी वीजच कमी सोडायची. दुसरा, वीज पुरीच सोडायची पण तिचे तुकडे पाडायचे. क्षणभर चालू, क्षणभर बंद, क्षणभर चालू, इतकं भराभर की डोळ्याला फक्त बेरीज दिसावी. बंद जास्त, चालू कमी, म्हणजे दिवा मंद. दुसरा रस्ता सोपा, आटोपशीर, चिपमध्ये जागा कमी खाणारा. आणि सगळं जग त्याच रस्त्याने जातं. अडचण येते ती अगदी तळाशी. त्याला त्यांच्या कामात खालचं टोक म्हणतात. तिथे चालूचा तुकडा एवढा बारीक होतो की चिपला जाग येईपर्यंत तो संपलेला असतो, आणि दिवा कचरतो, लुकलुकतो, विझतो. भल्याभल्यांच्या चिपा या खालच्या टोकाला माती खातात. छोटीने त्यावर युक्ती काढली होती. तळाशी गेल्यावर तुकड्यांचा वेगच कमी करायचा. मधला काळोख लांबवायचा, म्हणजे उजेडाच्या तुकड्याला पुरेसा वेळ मिळतो आणि दिवा कितीही खाली गेला तरी टिकतो. सगळ्यांनी तिची पाठ थोपटली होती. हॉस्पिटलातल्या खाटांशेजारचे दिवे आणि मुलांच्या अभ्यासाचे दिवे बनवणारी एक कंपनी तर त्या खालच्या टोकावरच भाळली होती. आणि चिपचा शेवटचा आराखडा कारखान्याकडे धाडायचा होता तो आजच. एकदा तो गेला की साचे बनतात, आणि मग हात चोळत बसण्याखेरीज काही करता येत नाही. दिवा थरथरत नाही, ती पुन्हा मनाशी म्हणाली. डोळ्याला नाही. कोणाच्या डोळ्याला?

प्रयोगशाळेत तेव्हा कोणी आलं नव्हतं. खिडकीतून येणारा उजेड टेबलांवरच्या तारांवर पडला होता. तिने घरच्यासारखाच दिवा जोडला, त्याच्यासमोर उजेड मोजणारी छोटी काच धरली, तिची तार पडद्याच्या यंत्राला लावली आणि बटण हळूहळू खाली आणलं. वर होता तोवर पडद्यावर रेघ सपाट, इस्त्री केल्यासारखी. हीच रेघ त्यांनी तपासणीत दाखवली होती. तपासणीचा नियमच असा होता की दिवा पूर्ण प्रकाशात मोजायचा, आणि मंद दिव्याने अपाय होईल असं कोणी धरत नाही, म्हणून खाली आणून कोणी मोजलंच नव्हतं. तिने आणखी खाली आणलं. मग रेघ फुटली. उजेडाचा एक खांब, मग काळोख, मग उजेडाचा खांब, मग काळोख. आणखी खाली आणलं तसा काळोख रुंद होत गेला आणि खांब काटकुळे. तिला हे माहीत नव्हतं असं नाही. तो काळोख तिनेच तर रुंद केला होता, कागदावर, समजून-उमजून. पण कागदावरचा काळोख हा कोणाचा नसतो. आता ती त्या पडद्याकडे बघत होती आणि तिला वाटत होतं की आपण रोज संध्याकाळी, जेवायला वाढून, मोठ्या मायेने, ताईच्या डोळ्यांवर हे खांब मारत होतो. आणि तिला बरं वाटावं म्हणून ते जितके मंद करत होतो तितका मार वाढवत होतो. दिव्याकडे तिने नुसत्या डोळ्यांनी पाहिलं. शांत, मऊ, सायीसारखा उजेड. तिला काहीच दिसत नव्हतं. जे बहिणीला सोसवत नाही ते आपल्याला दिसतसुद्धा नाही, ही गोष्ट तिला एकदम फार भयंकर वाटली.

आणि मग, तिथेच, उभ्या उभ्या, तिला भिंत आठवली. त्यांच्या लहानपणीच्या खोलीची, पोपडे निघालेल्या निळसर रंगाची भिंत. खोली एकच होती. आई, ताई आणि ती. वडील लवकर गेले, त्यांची आठवण म्हणजे खुंटीवरची एक टोपी. आई दुसऱ्यांच्या घरची कामं करून यायची ती थकून आडवी व्हायची, आणि खोलीच्या एका टोकाला स्वयंपाकापाशी पिवळा बल्ब आणि मधोमध ट्यूब असे दोन दिवे होते, त्यांतला एकच लावायची परवानगी होती. ट्यूब लावली की आधी ती डोळे मिचकावायची, मग तिच्या चोकचा गूं गूं आवाज सुरू व्हायचा आणि मग ती लागायची. त्या ट्यूबखाली छोटीने आपली सगळी शाळा केली. पिवळ्या बल्बमध्ये अक्षरं पुसट दिसतात, अशी तिची कुरकुर. आणि ताई? ताई तेव्हा कपड्यांच्या कारखान्यात लागली होती. मोठा हॉल, वर ट्यूबांच्या रांगाच रांगा, खाली मशीनच्या रांगा. महिना भरायच्या आत ती परत आली. डोकं फुटतं म्हणाली. आई खूप बोलली तिला. बाकीच्या मुलींना डोकी नाहीत का, तूच तेवढी नाजूक का, असलं पुष्कळ. ताई म्हणाली, मला वाटतं तसं. मग तिने काज-बटणांचं काम घरी आणायला सुरुवात केली. दिवसा खिडकीत बसायची आणि संध्याकाळी, ट्यूब लागली की, भिंतीकडे तोंड करून, डोक्यावरून टॉवेल पुढे ओढून, त्या निळसर भिंतीला जवळजवळ नाक लावून काज करत राहायची. आई म्हणायची, हिचं लग्न भिंतीशीच लावून देऊ. छोटी हसायची. शेजारणीही हसायच्या. ताईची आपली एक सवय, असं सगळ्यांनी धरून घेतलं होतं, जशी कोणाला नखं कुरतडायची असते. सवय कसली? ती ट्यूबसुद्धा तुकड्यातुकड्यांनीच जळत होती. चालू, बंद, चालू, बंद, तारेतल्या विजेच्या तालावर. छोटीला हे कॉलेजात शिकवलं होतं, परीक्षेत तिने ते नीट आकृती काढून लिहिलं होतं, पैकीच्या पैकी गुण घेतले होते. आणि ती आकृती ज्या उजेडात बसून पाठ केली त्याच उजेडाकडे पाठ करून एक मुलगी रोज संध्याकाळी डोकं धरून बसायची, याचा त्या आकृतीशी काही संबंध असेल असं तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. ताईला एकदाच म्हणताना तिने ऐकलं होतं, "आज पिवळा लावूया का गं?" छोटी म्हणाली होती, "माझी परीक्षा आहे." ताई म्हणाली, "अगं हो की." आणि भिंतीकडे वळली.

छोटी स्टुलावर बसली. कृतज्ञता हा शब्द तिला नेहमी निरोपसमारंभातला वाटायचा, हारासोबत येणारा. आता तो शब्द नव्हताच. छातीत काहीतरी भरून येत होतं आणि त्याला जागा पुरत नव्हती. आपल्याला मिळालेली प्रत्येक गोष्ट, ही नोकरी, हे टेबल, हा चष्मा, दातांचा डॉक्टर, उन्हाची खोली, ही कोणीतरी भिंतीकडे तोंड करून आपल्याला दिली. हुशारी आपली होती, नाही कशाला म्हणा. पण हुशारीला उजेड लागतो, आणि तो उजेड दुसरीच्या डोक्यातून जात होता. ती दुःखी नव्हती. हे तिचं तिलाच नवल वाटलं. रडू येत होतं खरं, पण ते आपल्यावर कोणीतरी इतका जीव लावला होता हे एवढ्या उशिरा का होईना कळल्याचं रडू होतं, आणि त्यात एक प्रकारचा आनंदच होता, लाज वाटावी इतका.

"काय झालं? जळली का चिप?" दारातून आबा म्हणाला. आबा हा त्यांचा विभागप्रमुख. वयाने छोटीएवढाच, पण तरुणपणापासून मफलर बांधून फिरतो आणि सगळ्यांच्या तब्येतीची चौकशी करतो म्हणून आबा.

"नाही. उत्तम चालतेय." छोटीने डोळे पुसले. "आबा, आराखडा आज नाही पाठवायचा."

आबाने मफलर सैल केला. "मस्करी करतेयस?"

तिने त्याला पडदा दाखवला. बटण खाली आणलं, वर नेलं, पुन्हा खाली आणलं. आबाने ते बघितलं आणि खांदे उडवले. "मग? हे असंच असणार. तूच तर केलंयस. नियमात बसतं."

"बसतं. पण त्रास होतो."

"कोणाला? इतक्या माणसांनी बघितला हा दिवा. कोणाला दिसतं हे?"

"माझ्या ताईला."

आबा तिच्या चेहऱ्याकडे बघत आत आला. स्टूल ओढून बसला. "एका माणसासाठी?" त्याने विचारलं, पण हळू.

"एकच आहे हे तुला कोणी सांगितलं? आपण मोजलंय? ज्यांना त्रास होतो ते येऊन तक्रार करत नाहीत आबा. ते उठून बाल्कनीत जातात. डोकं दुखतंय म्हणतात, झोप नीट झाली नसेल म्हणतात. आणि हा दिवा हॉस्पिटलात लागणार आहे. खाटेवर पडलेला माणूस उठून कुठल्या बाल्कनीत जाणार?" तिचा आवाज चढला होता. तिने तो खाली आणला. "तळाशी जाताना आधी वीजच कमी करू. अगदी शेवटी तुकडे पाडू, तेही वेगाने. चिप थोडी मोठी होईल. आणि इतकं खाली नाही जाता येणार. जे खालचं टोक मी मिरवत होते ते सोडून द्यावं लागेल."

"त्याच टोकासाठी घेतायत ते लोक," आबा म्हणाला. मग त्याने बटण स्वतःच एकदा खाली-वर करून पाहिलं. "माझ्या मुलाला," तो एकदम म्हणाला आणि थांबला. "अभ्यासाला बसला की डोकं धरतो. आम्ही म्हणतो कामचुकार आहे." त्याने उठून मफलर पुन्हा आवळला, लढाईवर निघाल्यासारखा. "फोन करतो त्यांना. शिव्या मी खातो, चिप तू दुरुस्त कर."

"आबा, तुझे..."

"आभार-बिभार मानू नकोस. आधी बघू नोकरी राहते का."

काचेपलीकडे तो फोनवर हातवारे करत येरझाऱ्या घालताना दिसत होता. छोटीला त्याच्याबद्दलही माया दाटून आली. आज तिला कोणाबद्दलही दाटून आली असती. आणि तेवढ्यात तिला दुपारची बस आठवली. तिने ताईला फोन लावला, उचलला नाही. नवऱ्याला लावला.

"ताई निघाली?"

"कुठली निघतेय," तो म्हणाला. मागे हत्यारांचा किणकिण आवाज येत होता. "पिशवी घेऊन निरोप घ्यायला दवाखान्यात आली. म्हटलं बसा दोन मिनिटं, दाढ बघतो. आता खुर्चीत आहे, तोंडात कापूस कोंबलाय. बोलता येत नाही, उठता येत नाही, बस काय पकडणार?"

छोटी फोन कानाला धरून तशीच हसत राहिली, आणि मग हसता हसता पुन्हा रडू यायला लागलं. या माणसाला हिऱ्यामोत्यांत मढवावं असं तिला वाटलं, पण ती फक्त म्हणाली, "दाढ दुखवू नकोस तिची." पलीकडे आबा फोन ठेवून दारात आला. चेहरा पडला होता पण मान ताठ होती. "आरडाओरडा केला, मग वेळ दिला. टोक सोडायला तयार नाहीत, पण दिवा आणून दाखवा म्हणाले. तूच जायचंस दाखवायला. आणि जाताना ताईला घेऊन जा, म्हणजे मला बोलावं लागणार नाही."

घरी पोचेपर्यंत संध्याकाळ झाली होती. ताई सोफ्यावर गाल धरून बसली होती आणि नवरा तिला बर्फ देत होता. छोटीने पर्ससुद्धा खाली ठेवली नाही. टेबलावरच्या दिव्याचं बटण तिने पार वरपर्यंत नेलं, जिथे रेघ सपाट असते तिथे, आणि मग, दिवे मंद करण्याचा उभा जन्म पगार घेतलेल्या त्या बाईने उशीचा अभ्रा काढून दिव्यावर टाकला. उजेड गाळून खाली आला. "हा काय अवतार?" ताई गालातल्या कापसातून म्हणाली. "जळेल तो." "हा नाही तापत." ताई उठली, दिव्याभोवती एक फेरी मारली, अभ्र्याची कड बोटात धरून बघितली, आणि शिवणाऱ्या बाईला कुठे गबाळं दिसलं की जे होतं ते तिला झालं. तिने अभ्रा ओढून घेतला, सुईदोरा आणला आणि त्याला घेर घालायला बसली. टेबलापाशीच बसली. दिव्याच्या अगदी खाली. छोटी समोरच्या खुर्चीत बसून तिच्या कपाळाकडे बघत होती. कपाळ सैल होतं.

"राहशील ना?" छोटीने विचारलं.

"राहावंच लागेल. दाढ अर्धीच झालीय. तुझा नवरा म्हणतो आणखी दोनदा बसावं लागेल." मग दोरा ओढत, वर न बघता, "दिवा थरथरत नाहीये आज."

"ताई, घरची ती ट्यूबही थरथरायची ना?"

ताईची सुई थांबली. नवरा उठून चहाचं बघतो म्हणून आत गेला. मग ताई म्हणाली, "थरथरायची."

"मग बोलली का नाहीस कधी?"

"बोलले असते तर तू बंद केली असतीस." ती एवढं सहज म्हणाली जसं काही दोरा संपलाय असं सांगतेय. "तशीच होतीस तू. मग पुस्तक मिटून बसली असतीस माझ्याशेजारी, आणि दोघींनी मिळून काज केले असते."

सकाळपासून तिने मनात जुळवून ठेवलेलं सगळं, तुझ्यामुळे मी, तू नसतीस तर मी, ते सगळं आता निरोपसमारंभातलं वाटलं. तिने टेबलावरून हात पुढे केला आणि ताईच्या गुडघ्यावर पसरलेला अभ्रा उगीचच नीट केला.

"रडू नकोस गं," ताई म्हणाली. "काही एवढं नव्हतं. गंमतही होती त्यात. मी मधूनच वळून बघायचे. तू लिहीत असायचीस, भराभर, मान खाली घालून. आणि त्या ट्यूबमध्ये मला तुझा हात एक नाही दिसायचा. पंखा उघडावा तसे पाच-सहा हात दिसायचे, सगळे लिहीत असलेले. आईला नाही सांगितलं, म्हणाली असती पोरीचे डोळे गेले." तिने गाठ मारली आणि दोरा दातांनी तोडायला गेली, दाढ आठवून थांबली. "मला वाटायचं, इतक्या हातांनी लिहितेय, ही काही मागे राहत नाही. मग मी पुन्हा भिंतीकडे वळायचे, आणि खरं सांगते छोटे, तेवढ्यापुरतं डोकं दुखायचं थांबायचं."